तीन सिनेमे, चार समीक्षक, ४० मिनिटं: चर्चा कशी बसवायची?

तिसरी_घंटा:
आठवड्यातल्या नव्या सिनेमांवर चौघांची ध्वनिमुद्रित चर्चा करायची आहे. चाचणीत पहिल्याच सिनेमाने २५ मिनिटं खाल्ली आणि तिसरा दोन वाक्यांत गुंडाळला गेला. प्रत्येक जण कथा पहिल्यापासून सांगतो. एकाने ठामपणे मत मांडलं की बाकीचे आपलं मत मवाळ करतात. गुण द्यावेत का? आणि चौघं चार ठिकाणी असताना आवाज नीट कसा घ्यायचा?

पाठमोरा_कॅमेरा:
मत मवाळ होण्याचं मूळ बहुतेक वेळा मुद्रणाआधीच्या गप्पांत असतं. सिनेमा पाहिल्यावर आपसात चकार शब्द काढायचा नाही. आदल्या रात्री प्रत्येकाने आपले गुण आणि एका ओळीत कारण फक्त सूत्रधाराला कळवायचं. त्यावरून वेळही ठरते: ज्या सिनेमावर मतं सर्वात जास्त फाटली आहेत त्याला १८ मिनिटं, पुढच्याला १२, एकमत असलेल्याला ६. उरलेली ४ सुरुवात-शेवटाला. सिनेमा किती मोठा, यावर वेळ वाटू नका. सगळ्यांना आवडलेल्या मोठ्या सिनेमावर पाचव्या मिनिटाला तेच तेच सुरू होतं. ज्याचं मत एकटं पडलंय त्याला आधी बोलू द्या, सूत्रधाराने शेवटी बोलावं.

कथा एकानेच सांगायची, ९० सेकंदांत. मिनिटाला १२० ते १४० शब्द धरले तर १८० ते २१० शब्द होतात, तेव्हा लिहूनच आणा. सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासापुढचं काही नको. शेवट उलगडायचाच असेल तर गुण सांगून झाल्यावर, आधी इशारा देऊन.

आणखी एक, माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. ‘छायांकन सुरेख आहे’ यावर समोरच्याने काय बोलायचं? त्याऐवजी ‘स्वयंपाकघरातल्या भांडणात कॅमेरा दाराबाहेरच थांबतो, आपल्याला आईची फक्त पाठ दिसते’ असं म्हटलं, की दुसरा म्हणू शकतो, ‘मला तिथे तिचा चेहरा हवा होता.’ वाद तिथून सुरू होतो. प्रत्येक सिनेमामागे अशी दोन दृश्यं टिपून आणा. अंधारात मोठ्या अक्षरात, एका पानावर तीन-चारच ओळी लिहा, नाहीतर नंतर वाचता येत नाही.

आकडेमोड:
गुण द्या, सरासरी काढू नका. ५ पैकी १, ५, १, ५ याची सरासरी ३ आणि ३, ३, ३, ३ याचीही ३. पहिल्या सिनेमावर तासभर भांडता येईल, दुसऱ्यावर कोणी फारसं भांडणार नाही, आणि आकडा मात्र एकच! समीक्षकांची परीक्षणं एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळाची टक्केवारीही अनेक जण सरासरी समजतात. ती अनुकूल परीक्षणांचं प्रमाण सांगते, म्हणून सगळ्यांना जेमतेम आवडलेला सिनेमाही १०० टक्क्यांवर जाऊ शकतो. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट हे अमेरिकी सिनेसमीक्षक १९७५ पासून शिकागोच्या दूरचित्रवाणीवर एकत्र येऊ लागले, दोघं प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांचे. पुढे अंगठा वर किंवा खाली करण्याची खूण आली तेव्हाही प्रत्येकाचा कौल स्वतंत्रच दाखवला जायचा, दोघांचा मिळून एक नाही.

ध्वनिपट्टी:
आवाजाचं सांगतो. कॉलवरचा आवाज अंतिम म्हणून वापरू नका. प्रत्येकाने स्वतःच्या यंत्रावर वेगळं मुद्रण करायचं, सगळ्यांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) ४८ किलोहर्ट्झ. हेडफोन सक्तीचे, स्पीकर लावला की इतरांचे आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतात आणि मग ते वेगळे काढता येत नाहीत. माइक तोंडापासून साधारण वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. मुद्रणाच्या मीटरवर सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल असं ठेवा.

चौघांची मुद्रणं नंतर एकमेकांशी जुळवता यावीत म्हणून सुरुवातीला तीन-दोन-एक म्हणून सगळ्यांनी टाळी वाजवायची, शेवटीही. कॉलमध्ये आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे टाळ्या तंतोतंत जुळत नाहीत. कॉलचं मुद्रण संदर्भाला ठेवून प्रत्येकाची पट्टी कानाने ऐकत जागेवर सरकवा. शेवटची टाळी अशासाठी की दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात आणि ४० मिनिटांत पट्ट्या सरकू शकतात. अंतिम स्टिरिओ फाइल उणे १६ लफ्सवर (LUFS, आवाज एकंदर किती मोठा वाटतो याचं माप) आणा.

तिसरी_घंटा:
आभार! एखाद्याने एक सिनेमा पाहिलाच नसेल तर?

पाठमोरा_कॅमेरा:
त्याला बाहेर काढू नका, प्रश्न विचारायला बसवा. ‘पहिला भाग पाहिला नसेल तर कळेल का?’, ‘कोणत्या वयाच्या मुलांना न्यावं?’ हे पाहिलेल्यांना सुचत नाही. गुण मात्र त्याने द्यायचे नाहीत. आणि खास खेळात पाहिलेल्या सिनेमावर मत जाहीर करण्याची वेळ निर्मात्यांनी ठरवून दिली असेल, तर चर्चेचा भाग त्यानंतरच टाका. नुसते गुण आधी टाकले तरी ते मत जाहीर केल्यासारखंच होतं.