मदत हवी आहे: 'कंपोस्टेबल' पिशवी कुजतच नाहीये

गॅलरीतल्या कंपोस्टच्या ड्रममधे सहा महिन्यांपूर्वी कंपोस्टेबल लिहिलेल्या दोन पिशव्या फाडून टाकल्या होत्या, काल खत चाळलं तर केळीच्या साली, चहाचा चोथा सगळं मातीसारखं, छान काळंभोर झालंय पण पिशवीचे तुकडे तसेच, त्यावरची हिरवी अक्षरंसुद्धा वाचता येतायत!! कळलं ते असं की ही पीएलएची (मका वगैरेच्या स्टार्चपासून बनवलेलं प्लास्टिक) असेल तर तिला ५८-६० डिग्रीची सलग उष्णता लागते, मोठ्या प्लांटमधे मिळते तशी, आणि माझा ड्रम तर हाताला जेमतेम कोमट लागतो. नारळाच्या शेंड्याही तशाच आहेत पण त्या लिग्निनमुळे (झाडांना कडकपणा देणारा, हळू कुजणारा घटक) उशिरा का होईना कुजणार, त्याची काळजी नाही.

हे तुकडे वेचून काढू का? खत मेथीच्या कुंडीत घालायचंय, कोणी केलंय का असं? प्लीज सांगा.