पोस्टग्रेसमधील ट्रिगरांची नोंद कोणत्या व्ह्यूवरून करावी?

प्रश्न:
आमच्या पोस्टग्रेस (एक डेटाबेस प्रणाली) डेटाबेसमधील सर्व ट्रिगरांचा, म्हणजे टेबलात बदल होताना आपोआप चालणाऱ्या कोडचा, तक्ता तयार करायचा आहे. त्यासाठी ‘इन्फॉर्मेशन_स्कीमा.ट्रिगर्स’ या व्ह्यूवर (साठवलेल्या क्वेरीतून टेबलासारख्या दिसणाऱ्या यादीवर) क्वेरी चालवली, तर काही ट्रिगर दोन-दोनदा दिसतात आणि एका टेबलावरील ट्रंकेटचा (संपूर्ण टेबल एकदम रिकामे करण्याच्या आदेशाचा) ट्रिगर मुळीच दिसत नाही. ‘क्रिएटेड’ हा कॉलमही सर्वत्र रिकामा आहे. या व्ह्यूवर विसंबावे का?

उत्तर १:
व्ह्यू बिघडलेला नाही, तो एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकाला बांधलेला आहे. मानकात एका ट्रिगरला एकच घटना असते; म्हणून इन्सर्ट (नवी ओळ घालणे) आणि अपडेट (ओळ बदलणे) या दोन्हींवर चालणारा ट्रिगर तिथे दोन ओळींत येतो, आणि ट्रंकेटवरचा ट्रिगर ही पोस्टग्रेसची स्वतःची सोय असल्यामुळे तो तिथे येतच नाही. निर्मितीची वेळ पोस्टग्रेस साठवतच नाही. आणखी एक गोष्ट अशी, की ज्या टेबलाची मालकी तुमच्याकडे नाही आणि ज्यावर तुम्हाला सिलेक्टखेरीज (वाचण्याखेरीज) दुसरी परवानगी नाही, त्यावरील ट्रिगर हा व्ह्यू दाखवत नाही. तेव्हा तक्ता कोणत्या लॉगिनने काढला, हेही लिहून ठेवावे.

उत्तर २:
माझ्या मते थेट ‘पीजी_ट्रिगर’ हा कॅटलॉग (पोस्टग्रेसचे स्वतःच्या नोंदींचे अंतर्गत टेबल) वाचावा. फॉरेन कीसाठी (एका टेबलातील मूल्य दुसऱ्या टेबलात असलेच पाहिजे, या बंधनासाठी) पोस्टग्रेस स्वतःच जे ट्रिगर तयार करते, ते ‘टीजीइजइंटर्नल’ या कॉलमवरून वगळता येतात. ‘टीजीटाइप’मध्ये बिटांची बेरीज असते : ओळीगणिक १, बिफोर (घटनेच्या आधी) २, इन्सर्ट ४, डिलीट ८, अपडेट १६, ट्रंकेट ३२, म्हणजे २३ दिसले, तर तो इन्सर्ट किंवा अपडेटच्या आधी प्रत्येक ओळीसाठी चालणारा ट्रिगर होय. ही आकडेमोड नको असेल, तर ‘पीजी_गेट_ट्रिगरडेफ’ हे फंक्शन संपूर्ण व्याख्या मजकूररूपात देते.

उत्तर ३:
वरील उत्तराला पुस्ती : ‘टीजीएनेबल्ड’ हा कॉलम तक्त्यात अवश्य घ्यावा. त्यात ‘डी’ असेल, तर ट्रिगर बंद आहे, आणि ही माहिती इन्फॉर्मेशन स्कीमात कुठेच नाही. ट्रिगर कशासाठी लिहिला, हे मात्र कोणताही कॅटलॉग आपणहून सांगणार नाही; ते ‘कॉमेंट ऑन ट्रिगर’ने डेटाबेसमध्येच नोंदवावे, म्हणजे ‘ऑब्जेक्ट_डिस्क्रिप्शन’ या अर्थाच्या ‘ऑब्ज_डिस्क्रिप्शन’ फंक्शनने ते त्याच क्वेरीत मिळते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तक्त्यात ओळख म्हणून केवळ ट्रिगरचे नाव पुरेल का?

उत्तर २:
पुरणार नाही. पोस्टग्रेसमध्ये ट्रिगरचे नाव फक्त त्या टेबलापुरते एकमेव असते, म्हणून स्कीमा, टेबल आणि ट्रिगर अशी तिन्ही नावे घ्यावीत. नावे जशीच्या तशी उतरवावीत, कारण एकाच वेळी आणि एकाच घटनेवर चालणारे ट्रिगर नावाच्या वर्णक्रमानेच चालतात.