स्वस्तातला गेमिंग हेडसेट: कानाला न टोचणारा आणि आवाज बरा असणारा कसा ओळखायचा?

एकडाव_अजून:
मंडळी, गेमिंग हेडसेट घ्यायचाय, वायरवाला चालेल, बजेट कमीच आहे. मला चष्मा आहे आणि एकदा बसलो की दोन-तीन तास उठत नाही. सध्याचा तासाभरात कानाच्या वरच्या बाजूला असा काही दाबायला लागतो की जिंकत असलो तरी काढून ठेवावासा वाटतो. आवाज म्हणाल तर कुठे स्फोट झाला की सगळं नुसतं दणाणतं आणि पावलांचा आवाज गायब. बॉक्स बघावा तर सगळ्यांवर तेच, ५० एमएम ड्रायव्हर, ७.१ सराउंड, डीप बास. यातलं नक्की बघायचं काय? रिव्ह्यू वाचून तर डोकं फिरलंय, एकाच मॉडेलला एक जण म्हणतो घातलाय हे कळतच नाही आणि दुसरा म्हणतो डोकं चेपलं.

पिंग_पन्नास:
कशावर खेळतोस, पीसी का कन्सोल? आणि गेम कुठले?

एकडाव_अजून:
पीसी. जास्त करून व्हॅलोरंट, तो ऑनलाइन शूटिंगवाला, मधेमधे स्टोरीवाले. माइक समोरच्याला कळण्याइतका असला की बास.

चष्मिस_गेमर:
ते दोन्ही रिव्ह्यूवाले खरं बोलत असणार, डोकी वेगळी असतात. चष्मेवाल्यांनी आधी क्लॅम्प बघायचा, म्हणजे हेडसेट दोन्ही बाजूंनी किती जोरात आवळतो ते. चष्म्याची काडी कुशन आणि हाड यांच्यामधे सापडते आणि सगळा दाब त्या एका रेघेवर येतो, म्हणून तुला कानाच्या वरच दुखतंय. कुशन जाड आणि मऊ मेमरी फोमचं असेल तर काडी त्यात रुतते आणि दाब पसरतो, कडक पातळ कुशन असेल तर मग वजन कितीही कमी असू दे, दुखणारच. वजनाचं म्हणशील तर ३०० ग्रॅमच्या आतला बघ. रेझरचा ब्लॅकशार्क व्ही२ एक्स आणि लॉजिटेकचा जी३३५ दोन्ही २४० ग्रॅमचे आहेत, दोन्ही वायरवाले. हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर २७५ ग्रॅम. पण जी३३५ ला डोक्यावर ताणली जाणारी पट्टी आहे आणि कुशन कापडाचं, ब्लॅकशार्कला नेहमीसारखा हेडबँड आणि लेदरसारखं कुशन, त्यामुळे सारख्या वजनाचे असून डोक्यावर वेगळेच वाटतात.

लेदरसारख्या कुशनमधे कान उबतात पण बास आत राहतो, कापडाच्या कुशनमधे हवा खेळते आणि बास थोडा उतरतो. चष्म्याच्या काडीमुळे तशीही फट पडते, म्हणजे चष्मा काढून घातला तर एक आवाज आणि लावून घातला तर दुसरा. तेव्हा ट्रायल घेताना स्वतःचा चष्मा लावूनच घे.

अजून एक, कान आत पूर्ण मावतो का आणि आतल्या जाळीला टेकतो का ते बघ. जाळीला टेकणारा कान पहिली पाच मिनिटं काहीच बोलत नाही, अर्ध्या तासानी बोलतो. म्हणून निदान अर्धा तास तरी घालून बसायला मिळालं पाहिजे, नाहीतर परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घे.

खर्जातला_आवाज:
वरच्या सगळ्याला +१, आता आवाजाचं. ५० एमएम वगैरे वाचून काही कळत नाही, ड्रायव्हर म्हणजे आतला स्पीकर, तो मोठा म्हणजे आवाज चांगला असं नसतं, तो ट्यून कसा केलाय त्यावर असतं. २० ते २०,००० हर्ट्झ हे पण सगळेच छापतात, माणसाच्या कानाची रेंजच साधारण तेवढी धरतात, त्यातला कुठला भाग वर आणि कुठला खाली ते थोडंच लिहितात. स्वस्त गेमिंग हेडसेटमधे बास मुद्दाम फुगवलेला असतो कारण दुकानात दोन मिनिटं ऐकताना तो भारी वाटतो. मग तो फुगलेला बास वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, तुझी पावलं तिथेच जातात.

टेस्ट करायला गेम पण नको, तुला तोंडपाठ असलेलं एखादं गाणं लाव आणि ढोल-बास जोरात असताना गायकाचे शब्द सुटे कळतात का ऐक. गायक पांघरूण घेऊन गातोय असं वाटलं तर तो हेडसेट राहू दे. मग आवाज वाढवून बघ, स आणि श कानात घुसायला लागले तर दोन तास ऐकवणार नाही. कान दुखतात ते नेहमी कुशनमुळेच असं नसतं.

पिंग_पन्नास:
आणि ७.१ ला, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतो असं भासवणाऱ्या सराउंडला, भुलू नको. बहुतेकांत आत ड्रायव्हर दोनच असतात, बाकी सॉफ्टवेअरची करामत. व्हॅलोरंटच्या सेटिंगमधे एचआरटीएफ आहे, आवाज कुठल्या दिशेने येतोय ते हेडफोनमधे कळावं म्हणूनची सोय, ते चालू कर आणि हेडसेटचं सराउंड, विंडोजचं स्वतःचं सराउंड म्हणजे विंडोज सॉनिक, सगळं बंद ठेव. एकावर एक दोन प्रोसेसिंग झाली की आवाज मागून येतोय का पुढून तेच कळत नाही.

रात्रपाळी:
स्टोरीवाल्या गेमला सराउंड मला तरी आवडतं बुवा, पावसाचा सीन वगैरे असला की मजा येते. एवढं पण वाईट नाही.

पिंग_पन्नास:
तिथे लाव की, कोण नाही म्हणतंय. पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नको, विंडोज सॉनिक फुकट येतं. आणि कोणी ब्लूटूथ सुचवायच्या आत सांगतो, नको. आवाज मागे पडतो, आणि त्यात बऱ्याच हेडसेटचा माइक चालू केला की आवाज फोनकॉलसारखा होतो. वायरलेसच पाहिजे असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला.

खर्जातला_आवाज:
@एकडाव_अजून, नवीन घ्यायच्या आधी एक कर. इक्वलायझर एपीओ म्हणून बास-ट्रेबल कमीजास्त करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाक आणि आहे त्याच हेडसेटवर १०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खोल बास, ५ डेसिबल उतरव, २ ते ४ किलोहर्ट्झ जरासंच वर घे, प्रीअँप, म्हणजे त्यातला एकूण आवाज, पण तेवढाच खाली घे नाहीतर आवाज फाटेल. व्हॅलोरंटमधे कस्टम गेम उघडून एखाद्या मित्राला तुझ्याभोवती चालायला लाव, तू डोळे मिट आणि पावलं जिकडून येतील तिकडे बोट दाखव. बास-ट्रेबल असं घरी बसून बरंच सुधारता येतं, क्लॅम्प नाही सुधारता येत. माझं मत विचारशील तर पैसे आरामासाठी मोज.

रात्रपाळी:
क्लॅम्प पण थोडा सुधारतो. मेटल हेडबँड असेल तर रात्रभर डोक्यापेक्षा किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायचा. प्लास्टिकच्या बँडवर हा प्रयोग करू नका, तडा जाईल.

एकडाव_अजून:
माझा प्लास्टिकच आहे :( पण इक्वलायझर टाकला आणि खरंच फरक पडला, डावीकडची पावलं आता कळतायत, मागची अजून गोंधळात टाकतात. म्हणजे आता फक्त न दुखणारा शोधायचा. जी३३५ कडे कल आहे. माझ्या पीसीला माइक आणि हेडफोनची वेगवेगळी भोकं आहेत, चालेल ना?

चष्मिस_गेमर:
त्याची पिन चार पट्ट्यांची एकच असते, एकाची दोन करणारा स्प्लिटर लागेल, बॉक्समधे दिलाय का बघ. पुढच्या पॅनेलला लावून घरघर आली तर मागे लाव. आणि घातल्यावर पट्टी आधी सैल कर, मगच ठरव.