टँकरची नोकरी हातात आली होती, पण पडताळणीत २०१९ ची केस अजून चालूच दाखवते. नीट कुठे करायची?

वाडीचा ड्रायव्हर

भाऊ लोकहो, मी नागपूरजवळ वाडीला राहतो. १४ वर्षांपासून हेवी चालवून राहिलो, जास्त करून नागपूर-रायपूर लाइन. आता खापरी डेपोवर एका कंत्राटदाराकडे टँकरचं काम जमलं होतं. धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, डोळे तपासून झाले, ट्रायलही झाली. मग पडताळणीवाल्या एजन्सीचा रिपोर्ट आला : "गुन्हा नोंद, प्रकरण न्यायप्रविष्ट."

केस खरी आहे, लपवत नाही. मे २०१९ मध्ये भंडाऱ्याच्या पुढे कटवर वळत होतो, मागून एक मोटारसायकलवाला येऊन आदळला. त्याच्या पायाचं हाड मोडलं. माझ्यावर कलम २७९ आणि ३३८ लागलं, म्हणजे बेदरकार गाडी चालवून गंभीर दुखापत. तीन वर्षं तारखा केल्या, प्रत्येक तारखेला एक खेप बुडाली. २०२२ मध्ये भंडारा कोर्टाने निर्दोष सोडलं. निकालाची झेरॉक्स लायसनच्या पाकिटात घडी करून ठेवली होती, घामाने घडीवरची अक्षरं उडाली आहेत.

इथल्या ठाण्यात गेलो तर म्हणतात, गुन्हा आमच्याकडचा नाही, तिकडे जा. मालक चांगला माणूस आहे, पंधरा दिवस जागा ठेवतो म्हणाला. दुसरी गोष्ट, लायसनवर जन्मसाल १९८५ आहे आणि आधारवर १९८६. तेही रिपोर्टमध्ये लाल करून दाखवलं आहे.

मुलगी यंदा दहावीला आहे. या नोकरीत बऱ्याच रात्री घरी राहता येईल, म्हणून एवढी धडपड. आधी कुठे जाऊ?

कामठी रोड

दादा, अगदी हेच मी २०२१ मध्ये भोगलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नागपुरात फिरू नका. चूक जिथल्या कागदात आहे तिथेच ती दुरुस्त होते. पण निघायच्या आधी मोबाईलवर ई-कोर्ट्सचं, म्हणजे कोर्टाच्या केसेस दाखवणारं सरकारी ॲप घ्या, जिल्हा भंडारा निवडा आणि आपली केस शोधा. नावाने नाही सापडली तर घाबरू नका. माझं आडनाव तिथे इंग्रजीत भलतंच टाईप केलं होतं. ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकल्यावर सापडली. तिथे १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा स्वतःचा वेगळा नंबर असतो, तो लिहून घ्या. केस निकाली निघाली असं तिथे दिसत असेल तर तुमची बाजू अर्धी तिथेच उभी राहते.

मग कोर्टात जाऊन निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या. झेरॉक्स कोणी धरत नाही. तीन प्रती मागा, मी एकच घेतली आणि दुसऱ्यांदा जावं लागलं.

ती प्रत घेऊन ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला तिथे जा, कोर्ट पैरवीचं, म्हणजे ठाण्याच्या कोर्टातल्या केसेसचं काम पाहणाऱ्या हवालदाराला भेटा. माझ्या वेळी त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, माझ्या गुन्ह्याची ओळ सापडली आणि निकालाचा रकाना कोरा. कोर्टाने सोडून दोन वर्षं झाली होती! त्यांनी माझ्यासमोर लाल पेनने "निर्दोष मुक्तता" आणि तारीख लिहिली. मी सहीसाठी हात जोडून उभा होतो. पण रजिस्टर वेगळं आणि कॉम्प्युटर वेगळा. सीसीटीएनएसमध्येही, म्हणजे सगळी ठाणी जोडलेल्या पोलिसांच्या कॉम्प्युटरमध्ये, निकाल भरायला सांगा, नाहीतर दुसऱ्या ठाण्याला जुनंच दिसत राहतं. अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

त्यानंतरच चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करा. आधी केला तर तीच चूक छापून हातात येते.

ट्रान्सपोर्ट ऑफिस

मी भरतीचे कागद पाहते, त्या बाजूने सांगते. फॉर्मवर "कोणतीही केस नाही" असं लिहू नका, कोणीही सांगितलं तरी. "केस क्रमांक अमुक, निर्दोष मुक्तता, तारीख अमुक, प्रत जोडली आहे" एवढं लिहा. सुटलेल्या माणसाला आम्ही घेतो. लपवलेलं नंतर सापडलं तर मात्र नाही घेऊ शकत, टँकरच्या कामात तर नाहीच.

एजन्सीचा रिपोर्ट मालकाकडून मागून घ्या आणि प्रमाणित प्रत जोडून त्यांना लेखी कळवा. नुसत्या फोनने तिथे काही बदलत नाही.

लायसनवरच्या जन्मतारखेचं काम सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवरून होतं. अर्ज करा आणि शाळेचा दाखला घेऊन आरटीओत जा. दाखल्यावर जे साल असेल तेच लायसनवर आणि आधारवर हवं. दाखल्यावर १९८५ निघालं तर लायसन बरोबर आणि आधार बदलायचं, हे आधी बघा. लोक उलटं करून बसतात. मुदतही पाहून घ्या : हेवीचं लायसन पाच वर्षांचं, धोकादायक मालाचं तीनच.

सिव्हिल लाइन्स

ठाण्याने दाद दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्याकडे पंधराच दिवस आहेत, म्हणून तो आजच टाकून ठेवा. वकिलाला पैसे देण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला विचारा, १५१०० वर फोन लागतो.

वाडीचा ड्रायव्हर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पहाटेच्या एसटीने भंडाऱ्याला गेलो. ॲपमध्ये केस गुन्हा क्रमांकानेच सापडली, माझ्या वडिलांचं नाव चुकलेलं होतं. कोर्टात तीन प्रतींचा अर्ज दिला, परवा या म्हणाले. ठाण्यातही जाऊन आलो. रकाना कोराच होता, कामठी रोडवाले दादा, तुम्ही लिहिलं तसाच. अर्जावर शिक्का घेतला, प्रत आणली की लगेच भरतो म्हणाले.

शिक्क्याचा फोटो मालकाला पाठवला. पुढच्या बुधवारपर्यंत जागा धरून ठेवतो असा त्यांचा फोन आला. शाळेचा दाखला घरी पत्र्याच्या पेटीत सापडला, त्यावर १९८५ आहे. म्हणजे आधार बदलायचं. उद्या सकाळी आधार केंद्रावर नंबर लावतो.