शब्दचर्चा : 'अटॅचमेंट' म्हणजे आसक्ती, जिव्हाळा, लळा की भावबंध?

अनुस्वार :
बालविकासावरच्या एका पुस्तिकेचं मराठी रूप करायचं आहे. वाचक म्हणजे अंगणवाडी सेविका, पाळणाघर चालवणाऱ्या बायका आणि नवे आईबाप. अडलेलं वाक्य असं : 'पहिल्या दोन वर्षांत सांभाळणाऱ्या माणसाशी जडलेली (रिकामी जागा) पुढच्या मानसिक आरोग्यावर परिणाम करते.' रिकाम्या जागी 'अटॅचमेंट'साठी आसक्ती, जिव्हाळा, संलग्नता, लळा, भावबंध, अनुबंध एवढे पर्याय समोर आहेत. सोबत 'सिक्युअर', 'अव्हॉयडंट', 'ॲम्बिव्हॅलंट', 'डिसऑर्गनाइज्ड' आणि 'सिक्युअर बेस' यांनाही शब्द हवेत.

टाचण :
आसक्ती आधी बाद करा. मराठी कानाला आसक्ती हा दोष आणि अनासक्ती हा गुण. 'बाळाची आसक्ती' वाचून घरातली आजी ती लवकर सोडवायच्या मागे लागेल. संलग्नता कॉलेजची विद्यापीठाशी असते. कोर्टात तर याच इंग्रजी शब्दाला जप्ती म्हणतात, तेव्हा कोशातला पहिला अर्थ उचलताना जपून.

रानजाई :
शब्दाने नेमकं काय सांगायचं आहे ते आधी बघू. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून तीन खंडांत ही मांडणी केली. तिच्या मुळाशी प्रेमापेक्षा संरक्षण आहे. भूक, दुखणं, अंधार, परका माणूस, कशानेही घाबरलं की मूल एका ठरावीक मोठ्या माणसाकडे धावतं, त्याला बिलगून शांत होतं आणि शांत झालं की पुन्हा खेळायला सुटतं. ही सगळी ये-जा म्हणजे अटॅचमेंट. ती मुलाकडून मोठ्याकडे जाते. आईशी एक तऱ्हा आणि बाबांशी दुसरी, असंही असू शकतं. मूल मजेत खेळत असताना ती दिसतही नाही, त्यामुळे 'किती हसतंय, चांगलीच अटॅचमेंट आहे' हे निदान फोल आहे.

आता पर्याय. जिव्हाळा दोन्हीकडून असतो, मित्रांतही असतो, आणि त्यात भीतीला जागा नाही. 'लळा' बराच जवळ येतो, कारण त्याचं व्याकरणच दिशा सांगतं. 'बाळाला मावशीचा लळा लागला' : ज्याला लागला तो चतुर्थीत, जिचा लागला ती षष्ठीत. 'भावबंधा'त कोण कोणाकडे झुकलंय ते कळत नाही. लळ्याची उणीव एवढीच की तो खाऊ देणाऱ्या शेजाऱ्याचाही लागतो आणि मांजराच्या पिल्लाचाही. ताप भरल्यावर मूल कुणाकडे झेपावतं, हे लळा शब्द सांगत नाही.

पिंपळपान :
'भावबंध'बद्दल आणखी एक अडचण. बरेच लेखक तोच शब्द 'बाँडिंग'साठी वापरतात, आणि त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाँडिंग म्हणजे आईला बाळाबद्दल वाटणारी ओढ. तिची चर्चा प्रसूतीनंतरच्या पहिल्या तासांभोवती फिरते. अटॅचमेंट बाळाकडून आईकडे जाते आणि तिला महिने लागतात. पहिले दोन-तीन महिने बाळ कुणाच्याही हातात शांत होतं. मग ओळखीच्या माणसांना जास्त हसतं. साधारण सहा-सात महिन्यांनंतर खरी निवड दिसते : ठरावीक माणूस खोलीबाहेर गेला की रडणं, परक्याने घेतलं की तोंड फिरवणं. 'आता माणूस ओळखायला लागलं' असं आपल्याकडे म्हणतात ते हेच.

दोन्हींना एकच शब्द ठेवला की काय होतं? सिझेरियनमुळे किंवा बाळ अतिदक्षता विभागात असल्यामुळे पहिल्या दिवशी छातीशी धरता आलं नाही, की आईला वाटतं नातं कायमचं बिघडलं. तसं काही नसतं. जन्मल्याबरोबर त्वचेला त्वचा लावण्याचे फायदे खरे आहेत (दूध उतरणं, बाळाचं तापमान टिकणं), पण अटॅचमेंटची मुदत त्या दिवशी संपत नाही.

अनुस्वार :
म्हणजे 'भावबंध' बाँडिंगला आणि 'लळा' अटॅचमेंटला?

रानजाई :
बोलताना चालेल. छापताना मी 'आधारबंध' सुचवेन. शब्द घडवलेला आहे, पण 'आधार' आल्यामुळे दिशाही कळते आणि भीतीच्या वेळची गरजही. पहिल्यांदा येईल तिथे फोड करून सांगा : 'आधारबंध, म्हणजे घाबरल्यावर मूल ज्याच्याकडे धाव घेतं त्याच्याशी जडलेलं नातं.' पुढे पुस्तिकाभर एकच शब्द ठेवा. पान चारवर जिव्हाळा आणि पान नऊवर अनुबंध असं झालं, तर वाचणाऱ्या ताईंना त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतील.

टाचण :
'आधारबंध' ऐकून मला ओळखपत्राचीच आठवण झाली. तक्रार नाही, नोंद.

रानजाई :
हरकत मान्य, पण आधार शब्द त्या कार्डापेक्षा पुष्कळ जुना आहे.

आता प्रकारांची नावं. ती ज्या चाचणीतून आली, ती माहीत नसेल तर भाषांतर हमखास चुकतं. बोल्बींच्या सहकारी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला घरोघरी माय-लेकरांच्या नोंदी घेतल्या आणि बाल्टिमोरच्या कामात ही चाचणी बसवली. इंग्रजीत तिचं नाव 'स्ट्रेंज सिच्युएशन'. मराठीत तिला 'विचित्र परिस्थिती' म्हटलेलं दिसतं, ते चूक. विचित्र काही नाही, जागा परकी आहे. 'परक्या जागेतली चाचणी' म्हणा. वय १२ ते १८ महिने. आठ टप्पे, पहिला अगदी छोटा, बाकीचे जास्तीत जास्त तीन-तीन मिनिटांचे. आई आणि मूल खेळण्यांच्या खोलीत येतात. मूल खेळू लागतं. अनोळखी बाई येते, एक मिनिट गप्प बसते, एक मिनिट आईशी बोलते, मग मुलाजवळ सरकते. आई बाहेर जाते. परत येते, अनोळखी बाई निघते. आई पुन्हा जाते आणि या वेळी मूल एकटं राहतं. आधी अनोळखी बाई परतते, शेवटी आई. मूल फार रडलं तर टप्पा तिथेच आटोपता घेतात.

खरी मेख इथे आहे : गुण आई गेल्यावरच्या रडण्याला मिळत नाहीत. आई परत आल्यावर मूल काय करतं, हे बघतात. जवळ येतं का, बिलगून राहतं का, टाळतं का, चिडून ढकलतं का, या चार बाबींना प्रत्येकी १ ते ७ गुण.

पिंपळपान :
म्हणून 'अव्हॉयडंट'ला 'स्वतंत्र' किंवा 'स्वावलंबी' लिहू नका. असं मूल आई आल्यावर मान वळवतं आणि खेळण्यात डोकं घालतं. बघणारे म्हणतात, 'गुणी बाळ, अजिबात त्रास नाही.' पण याच मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेले आढळले. आतून घालमेल आहे, फक्त ती दाखवून उपयोग नाही हे शिकून झालंय. 'टाळणारा' हा साधा शब्द पुरे. 'परिहारी' संस्कृतच्या पेपरात शोभेल.

'सिक्युअर'ला सरळ 'सुरक्षित'. 'ॲम्बिव्हॅलंट'ला 'द्विधा' ठीक. कडेवर घे म्हणून हात वर करायचे आणि घेतलं की लाथा झाडायच्या, हे त्यात बसतं. 'हट्टी' नको. 'डिसऑर्गनाइज्ड' हा चौथा गट मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८० च्या दशकात वेगळा काढला. आईकडे निघालेलं मूल मध्येच थिजतं, पाठमोरं होऊन सरकतं किंवा तिला बघून जमिनीवर पडतं. 'विस्कळीत' योग्य. 'अव्यवस्थित' लिहिलंत तर लोक कपड्यांकडे बघतील.

अनुस्वार :
मग पुस्तिकेत 'टाळणारं मूल' असं लिहू ना?

पिंपळपान :
नको. 'टाळणारा आधारबंध' लिहा. विशेषण नात्याला लावायचं, मुलाला नाही. आईशी टाळणारा बंध असलेल्या मुलाचा आजीशी सुरक्षित बंध असू शकतो. शिवाय चाचणीची मुभा प्रशिक्षित माणसाला आहे, पाळणाघराच्या रजिस्टरला नाही. विस्कळीत गटाबद्दल जास्तच सांभाळायला हवं : जोखीम नसलेल्या सर्वसाधारण घरांतही सुमारे १५ टक्के मुलं त्या गटात येतात, आणि एकट्या मुलाच्या वागण्यावरून घरात छळ होतो असा निष्कर्ष काढू नये, असं या क्षेत्रातल्या संशोधकांनीच २०१७ साली एकत्र येऊन लिहून ठेवलं आहे.

टाचण :
आसक्तीची जुळी बहीण राहिली. 'डिटॅचमेंट'ला सर्रास 'अलिप्तता' लिहितात. तीही आपल्याकडे सद्गुण.

रानजाई :
हा मुद्दा मोलाचा आहे. लंडनमध्ये बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ च्या माहितीपटात अडीच वर्षांच्या एका मुलीचे इस्पितळातले आठ दिवस दाखवले. तेव्हा आईवडिलांना भेटायला फार थोडा वेळ मिळे. अशा ताटातुटीचे तीन टप्पे रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी मांडले : आधी आकांत, मग खचणं, मग डिटॅचमेंट. तिसऱ्या टप्प्यात मूल जेवतं, खेळतं, परिचारिकांकडे हसतं. आई आली की मात्र ओळख नसल्यासारखं वागतं. इस्पितळवाले याला 'रुळलं' म्हणायचे. इथे 'अलिप्तता' लिहिलं की वाचकही 'रुळलं'च समजणार. 'तुटलेपण' लिहा. पुढे इस्पितळांतल्या मुलांबद्दलच्या ब्रिटनमधल्या १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईबापांना मुलांजवळ येऊ द्यावं अशी शिफारस केली.

गावी आजीकडे वर्ष-दीड वर्ष ठेवलेलं मूल परत आणतात तेव्हा हेच घडतं, आणि तेही दुहेरी : आईशी तुटलेपण आणि आजीपासून नवी ताटातूट. 'आजीने फार लाडावलं' हे निदान करून आजीचे फोन बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय. आजीने सोबत येऊन काही दिवस राहावं, झोपवणं-भरवणं हळूहळू आईकडे सरकवावं, नंतर ठरल्या वेळी आजीशी बोलणं चालू ठेवावं.

पाळणाघरालाही हाच हिशोब. सुरुवातीला आई तिथेच बसलेली, मग थोडा वेळ बाहेर, मग अर्धा दिवस. सांभाळणारी बाई रोज तीच. निरोप आटोपशीर, पण घेतलाच पाहिजे. नजर चुकवून सटकलं की त्या दिवशी रडणं वाचतं, पण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे मूल शिकतं आणि घरी पदर सोडत नाही.

वाटसरू :
मूळ वाक्यातलं 'परिणाम करते' हेही तपासा. किती परिणाम? २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सुरक्षित बंधाची मुलं आणि असुरक्षित (टाळणारा, द्विधा किंवा विस्कळीत) बंधाची मुलं यांच्या पुढच्या मारामारी-उद्धटपणातला फरक ०.३१ प्रमाण विचलन भरला. २०१२ मध्ये चिंता-उदासीसाठी तो ०.१५ होता. सोप्या भाषेत, पहिल्या बाबतीत दोन गटांचे आलेख सुमारे ८८ टक्के एकमेकांवर पडतात, दुसऱ्यात ९४ टक्के. एकेका मुलाचं भविष्य यावरून सांगता येत नाही. 'ठरवते' तर मुळीच लिहू नका. 'धोका थोडा वाढवते' लिहा.

रानजाई :
सहमत, एका अपवादासह : मूल अनाथालयासारख्या संस्थेत वाढलं आणि धाव घ्यायला कुणीच नव्हतं, तर चित्र फार गंभीर असतं. रोमानियात बुखारेस्टमध्ये २००० नंतर संस्थांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं. त्यांच्या आधारबंधात सुधारणा झाली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांत ती जास्त होती. 'अटॅचमेंट डिसऑर्डर' हे निदान अशा टोकाच्या हेळसांडीनंतरचं आहे. लाजाळू किंवा आईला चिकटलेल्या मुलाला ते लावू नका.

अनुस्वार :
'सिक्युअर बेस' उरला. 'सुरक्षित तळ' कसा वाटतो?

टाचण :
तळ विहिरीचा असतो, नाहीतर सैन्याचा.

पिंपळपान :
एका शब्दाचा हट्ट नको. इंग्रजीतही इथे दोन कामांना दोन नावं आहेत : घाबरल्यावर परत यायची जागा ('सेफ हेवन') आणि निर्धास्त सुटायची जागा ('सिक्युअर बेस'). पहिल्याला 'आसरा' नेमका बसतो. दुसऱ्याला 'पाठीशी असणं' लिहा. सांभाळणाऱ्यांबद्दल येणाऱ्या 'रिस्पॉन्सिव्ह', 'सेन्सिटिव्ह' या शब्दांसाठी 'हाकेला ओ देणं' घ्या. 'संवेदनशील आई' म्हटलं की मराठीत पटकन डोळे भरून येणारी आई उभी राहते, आणि एन्सवर्थ यांना अभिप्रेत होतं ते वेगळंच : मुलाचा इशारा दिसणं, त्याचा अर्थ बरोबर लागणं, वेळेवर आणि त्या इशाऱ्याला साजेसं काही करणं. झोपेने डोळे चोळणाऱ्या बाळाच्या तोंडासमोर खुळखुळा वाजवणं हे तत्पर आहे, पण साजेसं नाही.

अनुस्वार :
वाक्य असं करतो : 'पहिल्या दोन वर्षांत सांभाळणाऱ्या माणसांशी जडलेला आधारबंध असुरक्षित असेल, तर पुढे वागणुकीच्या आणि मनाच्या तक्रारींचा धोका थोडा वाढतो.' 'माणसांशी' अनेकवचनी मुद्दाम केलंय.

रानजाई :
बरोबर केलंत. ग्लासगोत ६० बाळांवर झालेल्या १९६४ च्या अभ्यासात दीड वर्षापर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा होता. फक्त 'पहिल्या दोन वर्षांत'च्या आधी 'विशेषतः' घाला, नाहीतर अडीच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलेले आईबाप पुस्तिका तिथेच मिटतील.