ट्रेलरच्या आगीत भाजलेली सीजे-३बी: काय वाचेल, काय टाकावं लागेल?

चारचाकओढ (प्रश्न)
गाडी विलीज सीजे-३बी जीप, इंजिन हरिकेन एफ-१३४. बंद ट्रेलरमधून नेताना ट्रेलरच्या मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग तापून आग लागली. जीपचं तोंड पुढे होतं, त्यामुळे मागची डावी बाजू सगळ्यात जास्त भाजली आहे. मागचे दोन्ही टायर जळून नुसत्या तारा उरल्यात आणि रिमा ट्रेलरच्या वितळलेल्या अॅल्युमिनियमच्या फरशीत रुतून बसल्यात. डाव्या मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) कमान बसली आहे. बॉनेटवरचा रंग फुगलाय, पण कार्ब्युरेटरचा आकार बदललेला नाही आणि रेडिएटरचे डागही सुटलेले नाहीत. ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीत थोडं पेट्रोल आहे. सगळीकडे आग विझवायच्या एबीसी पावडरचा आणि पाण्याचा चिखल.

गाडी बाहेर कशी काढावी? इंजिन फिरवून पाहावं का? चॅसिस पुन्हा वापरता येईल का?

ओळंबा
इंजिन आत्ता अजिबात फिरवू नका, स्टार्टरने नाही आणि हँडलनेही नाही. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पावडर गेली असेल तर एकाच फेऱ्यात रिंगा आणि बोअर ओरखडतील.

काहीही हलवण्याआधी विम्याच्या सर्व्हेअरसाठी चारी बाजूंनी आणि खालून फोटो काढा. चॅसिस नंबर आणि डेटा प्लेट जवळून टिपा. नंबराच्या जागेवर ग्राइंडर किंवा वाळूचा मारा नको. तिथली काजळी केरोसीन आणि मऊ ब्रशने काढायची.

मग बॅटरी सोडवा आणि पेट्रोल हातपंपाने काढून घ्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ उरते. म्हणून टाकी उतरवून उघड्यावर ठेवा, जवळपास कापणं-जोडणं नको. शॉक अॅब्सॉर्बर भाजले असतील तर त्यांच्या टोकांच्या रेषेत उभं राहू नका.

रुतलेल्या रिमांवर गॅसकटर लावू नका, पाट्यांना आणि अॅक्सलला पुन्हा उष्णता मिळेल. पोपडे (तापून आलेला ऑक्साइडचा थर) धरलेल्या पोलादाला अॅल्युमिनियम फारसं चिकटत नाही. छिन्नीने फरशीच कापून काढा, जीपला हात लावू नका. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवा, ब्रेक ड्रम मोकळे होतात का ते बघा. नाही झाले तर चाकांखाली स्केट (छोटी चाकं लावलेले बसके पाट) घाला. उचलताना पट्टा अॅक्सल हाउसिंगवर, पाट्यांच्या बैठकीजवळ घाला. बंपर, टब (पत्र्याची बॉडी) किंवा पाटे धरून उचलू नका. बैठक सुटली तर पट्टा एकदम सरकतो.

जस्तकथील
आग विझली तरी नुकसान थांबत नाही. एबीसी पावडरमध्ये मोनोअमोनियम फॉस्फेट असतं, ओल लागली की ते आम्ल होतं. वायरींच्या पीव्हीसीच्या धुराने काजळीत क्लोराइड साठतं. दोन्ही मिळून उघड्या लोखंडावर बघता बघता गंज चढवतात, म्हणून धुणं हे पहिल्या दोन दिवसांतलंच काम. कोरडी पावडर आधी व्हॅक्यूमने ओढा. मग कमी दाबाच्या पाण्याने धुवा, शंभर लिटर पाण्यात दोन किलो खाण्याचा सोडा घालून फवारा, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा आणि हवेने वाळवून पातळ तेल मारा. इंजिनाची सगळी तोंडं आधी बंद करा.

धुताना पी१०० किंवा एफएफपी३ मास्क हवाच. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रम ओले करूनच उघडा. नूतनीकरणात कोणी व्हिटॉनची (फ्लोरिनयुक्त रबराची) सील बसवली असतील आणि ती जळून काळा चिकट डांबरासारखा थर राहिला असेल, तर त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकतं. जाड निओप्रीनचे हातमोजे घाला, जागा चुन्याच्या निवळीने धुवा. त्वचेला लागलं तर वेदना उशिरा सुरू होतात, तरी त्याची वाट न पाहता सरळ डॉक्टरकडे जा.

आता उष्णता कुठवर पोचली ते गाडीच सांगते. कथील-शिशाचा डाग १८३ अंश सेल्सियसला सुटू लागतो, जस्ताची ओतीव वस्तू ३८० च्या आसपास बसते, शुद्ध अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, फरशीचा मिश्रधातू थोडा आधीच. रेडिएटर टिकला म्हणजे पुढची बाजू बहुतेक १८० च्या आत राहिली. ही फार चांगली खूण आहे, कारण इंजिनाच्या बेअरिंगांवरचं बॅबिट (मऊ मिश्रधातूचा थर) २४० च्या आसपास मऊ व्हायला लागतं. मागे मात्र फरशी वितळली आहे, म्हणजे ६०० च्या वर. मधला पट्टा कुठे बदलतो ते रंग आणि वायरींच्या आवरणावरून खडूने चॅसिसवर आखून घ्या. पुढचे सगळे निर्णय त्या रेषेवर घ्यायचे.

इंजिनसाठी रॉकर कव्हर आणि बाजूचं टॅपेट कव्हर उघडा. कॉर्कची पॅकिंग मऊ आणि तपकिरी असतील तर आतल्या बॅबिटला धोका नाही. काळी, ठिसूळ झाली असतील तर संप (तळाचं तेलाचं भांडं) उतरवून बेअरिंगचे शेल बघावेच लागतील. तेल काढा, पाणी मिसळलंय का पाहा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, मगच हाताने हळू फिरवा. तापलेल्या बिडावर थंड पाण्याचा मारा झाला असेल तर भेगा शोधायलाच हव्यात. डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंग) लावून १५ मिनिटं ठेवा, पुसून डेव्हलपर (भेगेतला रंग वर ओढणारी पांढरी पूड) मारा.

कमानपाटा
डावे पाटे पुन्हा तापवून, तेलात बुडवून पाणी देता (कडक करता) येतं. मूळ पाटे जपायचे असतील तर हा मार्ग आहे.

ओळंबा
याला माझा विरोध आहे. पोलादाला पाणी देणं अवघड नाही, पण आगीत पाट्याच्या कातडीतलं कार्बन जळून गेलेलं असतं आणि मऊ कातडीवरच भेग सुरू होते. शिवाय नव्याने वळवलेली कमान उजव्या बाजूशी जुळेलच असं नाही. मागचे दोन्ही संच नवेच टाका, मूळ पाटे खूण म्हणून ठेवा. यू-बोल्ट, शॅकल, स्टड, रिमा यांनाही तोच नियम. ८.८ दर्जाच्या बोल्टचं पाणी ४२५ अंशांच्या वर उतरतं. न तापलेला तोच बोल्ट शेजारी ठेवून कानस चालवा. जळालेल्यावर ती जास्त खात असेल तर उत्तर मिळालं. कानस पोपड्याच्या खालपर्यंत न्या.

चारचाकओढ
टॅपेट कव्हरचं कॉर्क मऊच आहे, तेलात पाणी नाही. चॅसिस आणि मागच्या अॅक्सलचं काय करू?

जस्तकथील
चॅसिसचं पोलाद साधं, कमी कार्बनचं. आगीतून निघून सावकाश थंड झालं तर ताकद बरीचशी टिकते. प्रश्न वाकण्याचा असतो. गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या, चारी पाट्यांच्या हँगरच्या पिनांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. ३ मिमीच्या आत फरक असेल तर हात लावू नका. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) दोन्हीकडे ८० इंच यायला हवा. रिव्हेट ढिले पडलेत का ते हातोडीच्या टोकाने ठोकून, आवाज ऐकून बघा. भाजलेल्या टबच्या पत्र्याला वाळूचा जोरदार मारा दिला तर तो लाटेसारखा वाकतो. वाळूऐवजी बारीक गार्नेटचे कण वापरा, दोन-अडीच बार दाबाने.

अॅक्सल उघडा. तेलाचा काळा कोळसा झाला असेल तर बेअरिंगं थेट बाद. गिअरच्या दातांवर निळा रंग म्हणजे ३०० च्या जवळपास पोचलं, कडकपणा गेला, क्राउन आणि पिनियन (अॅक्सलमधले मोठा आणि छोटा गिअर) दोन्ही बदला. रंग नसेल तर सील आणि बेअरिंगं नवी घालून तोच संच चालेल. हाउसिंगच्या नळ्या मधल्या ओतीव भागात बसवलेल्या असतात, त्यांचे वेल्ड तडकलेत का तेही पेनिट्रंटने पाहा. ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर, रबर यांचा विचारच करू नका, सगळं नवं.