व्हिनेगरची वाटी भरते, पण कुंड्यांवरची चिलटं काही जात नाहीत. काय करू?

कुंडीवाली:
नमस्कार मंडळी, आधीच सांगते पोस्ट लांबणारे. खिडकीपाशी माझ्या चौदा कुंड्या आहेत, मनी प्लांट, पीस लिली, दोन फर्न, एक स्नेक प्लांट आणि बाकी कटिंगपासून लावलेली बारकी रोपं. गेला दीड महिना घरात चिलटांनी नुसता उच्छाद मांडलाय. पाणी घालायला कुंडी जरा हलवली की भुर्रकन उठतात, मग लॅपटॉपच्या स्क्रीनवर चाल, नाकात, डोळ्यात, कुठेही. किचनमध्येपण तेच, ओट्यावर केळी ठेवली की त्यावर घोंघावतात. मी वाटीत व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असं ठेवतेय, किचनच्या वाटीत रोज सकाळी वीस-पंचवीस मेलेली असतात, कुंड्यांपाशी ठेवलेल्या वाटीत मात्र जेमतेम दोन! वाटी तीच, व्हिनेगर तेच, मग असं का? स्प्रे पण मारून झाला दोनदा, दोन दिवस बरं वाटतं की परत आहेच. घरचे आता म्हणायला लागलेत एक तर झाडं राहतील नाहीतर आम्ही. प्लीज काहीतरी खात्रीचं सांगा.

माती_आणि_मी:
ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. दोन वाट्यांचा हिशोब जुळत नाहीये कारण तुमच्याकडे दोन वेगळ्या माश्या आहेत. आपण सगळ्यांनाच चिलटं म्हणून मोकळे होतो तिथे घोळ होतो.

किचनमधली ती फळमाशी, ड्रॉसोफिला. साधारण 3 मिमी, पिवळट-तपकिरी, गुटगुटीत, आणि नीट बघितलं तर डोळे लालभडक. हिला आंबलेल्या वासाचं वेड, म्हणून व्हिनेगरवर झडप घालते. कुंडीतली ती फंगस नॅट, काळपट, बारीक अंगाची, लांब पायांची, डासाचं पिल्लू वाटावी अशी. उडते पण अगदी लेचीपेची, जास्त वेळ मातीवर तुरुतुरु चालते. हिला ओली माती आणि त्यातली बुरशी हवी, तुमच्या व्हिनेगरशी तिला फारसं देणंघेणं नाही. लॅपटॉपवर येते ती पण हीच, उजेडाकडे ओढली जाते. चावत नाही, एवढंच समाधान.

आता मुख्य मुद्दा. उडताना दिसते ती माशी आठवडा-दहा दिवसांची पाहुणी असते, पण तेवढ्यात एक मादी शंभर-दोनशे अंडी मातीत घालून जाते. मातीत वरच्या दोन-तीन इंचांत अळ्या असतात, पांढुरक्या, पारदर्शक, डोकं काळं चकचकीत. अंड्यापासून माशीपर्यंत घरातल्या तापमानाला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे तुम्ही स्प्रे मारला तेव्हा वरची फळी गारद झाली आणि खालची पाळण्यात आरामात होती. म्हणून दोन दिवस शांतता आणि मग परत.

खात्री करायची असेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा, दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. अळ्या असतील तर खाली जमा झालेल्या दिसतील. पाणी किती वेळा घालता? आणि कुंडीत वरून काही टाकता का?

निवांत_बसलोय:
माझा अनुभव: पिवळ्या चिकट पट्ट्या आणा, प्रत्येक कुंडीत एक खोचा, विषय संपला. माझ्या एका पट्टीवर आठवड्यात इतकी चिकटली होती की पट्टी काळी दिसत होती.

माती_आणि_मी:
@निवांत_बसलोय पट्ट्या हव्यातच, पण विषय संपत नाही हो. पट्टीवर अडकतात त्यातल्या कित्येक माद्या आधीच अंडी घालून मोकळ्या झालेल्या असतात. पट्टीचा खरा उपयोग मोजायला. दर आठवड्याला नवीन लावायची आणि आकडा उतरतोय का बघायचं. मातीच्या अगदी लगत ठेवा, उंच काडीवर नको, कारण त्या वर फारशा येतच नाहीत.

कुंडीवाली:
बापरे, बटाटा ठेवला होता, आत्ता उलटला. पीस लिलीच्या कुंडीत सात-आठ वळवळतायत, ईईई. फर्नमध्ये पण आहेत. स्नेक प्लांटमध्ये एकही नाही.
पाणी मी एक दिवसाआड घालते सगळ्यांना (स्नेक प्लांट सोडून, त्याला कधीतरी). आणि हो, केळीच्या सालीचं भिजवलेलं पाणी दर आठवड्याला, कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं, आणि थोडी पेंड वर भुरभुरवते. हे चुकतंय का 🙈

अर्धवट_माळी:
चुकतंय म्हणजे काय, तुम्ही पंगत वाढताय आणि परत विचारताय पाहुणे का येतात 😄 सालीचं आंबट पाणी आणि वर भुरभुरवलेली ओली पेंड यावर बुरशी धरते, आणि तीच या अळ्यांचं जेवण. दोन्ही आज बंद करा. खत द्यायचंच तर पेंड मातीत नीट खाली मिसळा, वर सोडू नका. अर्धं कच्चं कंपोस्ट पण नको. स्नेक प्लांटच्या कुंडीत एकही नाही यातच सगळं आलं, ती माती कोरडी राहते.

तर पहिलं औषध म्हणजे पाणी कमी. वरची इंच-दीड इंच माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. शक्यतो कुंडी ताटलीत ठेवून खालून पाणी द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. वरचा थर कोरडा राहिला की अंडी आणि छोट्या अळ्या वाळतात. फर्नला हे जमणार नाही, तो रुसेल, त्याच्यासाठी बीटीआय वापरा.

बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस, एक जिवाणू आहे, 1976 मध्ये इस्रायलच्या वाळवंटातल्या एका डबक्यात सापडलेला, डासांच्या अळ्या मारायला जगभर वापरतात. अळीने खाल्ला की तिच्या आतड्यात त्याचं विष काम करतं, माणसांना आणि पाळीव प्राण्यांना त्रास नाही. पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात पाण्यात कालवून मातीत ओता. गंमत अशी की अंड्यावर, कोषावर आणि उडत्या माशीवर याचा काहीच परिणाम नाही, आणि मातीत फार दिवस टिकत पण नाही. एकदा घालून "काही उपयोग नाही" म्हणणारे खूप भेटतात. दर आठवड्याला एकदा, असं निदान तीन-चार वेळा घातलं तरच साखळी तुटते.

सावलीतली_तुळस:
हायड्रोजन पेरॉक्साइड कोणी सांगितलं नाही अजून? 3 टक्केवालं, एक भाग पेरॉक्साइड चार भाग पाणी, मातीवर ओतायचं, फसफसतं आणि अळ्या मरतात. मी केलंय, चालतं.

अर्धवट_माळी:
@सावलीतली_तुळस चालतं पण जिथे लागेल तिथेच, थोड्याच वेळात त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातो. आणि मातीतले चांगले जीव पण मरतात. एकदा जोरात सुरुवात म्हणून ठीक, दर आठवड्याला मी तरी नाही करणार. दालचिनी पावडर पण खूपजण सांगतात, मी डबाभर ओतली होती, घर मस्त वासाचं झालं, चिलटं तशीच. वाळूचा थर मात्र बरा वाटला, अर्धा इंच जाड आणि खरंच कोरडा राहिला तरच, वरून पाणी घातलंत की गेलं.

अवांतर: कोणी कीटकभक्षी ड्रॉसेरा आणायला सांगेल, सुंदर दिसतो, चिकट पानांवर चिलटं पकडतो पण. फक्त त्याची स्वतःची माती सतत ओली ठेवावी लागते, म्हणजे शिकारी पण पाळायचा आणि शिकार पण 😂

मोरीवाला:
किचनचं कोणी बोलतच नाहीये म्हणून मी. फळमाशी तिथे फळं उघडी आहेत म्हणून येते, बऱ्याचदा तर अंडी फळासोबतच घरात येतात. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात (म्हणून तर शास्त्रज्ञांनी हिला शंभर वर्षं लॅबमध्ये पाळलीय). तर पिकलेली फळं फ्रिजमध्ये किंवा झाकून, कचऱ्याचा डबा रोज रिकामा आणि तळापासून धुवून, रिकाम्या बाटल्या-कॅन विसळून. वाट्या मांडत बसण्याआधी हे. आणि एवढं करून पण येत असतील तर कुठेतरी एक विसरलेला बटाटा किंवा कांदा आहे म्हणून समजा, टोपलीच्या तळाशी, ट्रॉलीच्या मागे. ओट्यावरचं पुसायचं फडकं आणि ओला मॉप पण बघा.

आणखी एक, सिंकपाशी भिंतीवर बसणारी, केसाळ, पतंगासारखे पंख असलेली दिसली तर ती तिसरीच जमात, मोरीमाशी. ती पाइपातल्या चिकट गाळात वाढते. रात्री सिंकच्या भोकावर काचेचा ग्लास उपडा ठेवा, सकाळी आत माशी दिसली की ठरलं. सोडा-व्हिनेगर ओतून फेस काढण्यात मजा येते पण गाळ हलत नाही, लांब ब्रशने घासून काढावाच लागतो. आणि कृपा करून ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू तयार होतो, छातीला त्रास होतो.

कुंडीवाली:
अपडेट द्यायला आले, पाच आठवडे झाले. सालीचं पाणी, पेंड बंद. पाणी बोट घालून बघून. फर्न आणि लिलीला बीटीआय चार वेळा. पट्ट्या दर रविवारी बदलल्या आणि मोजल्या: 61, 48, 52 (इथे मी रडायच्या बेतात होते), 17, 4. दोन कटिंग्ज मेल्या, उपटून बघितलं तर मुळंच कुरतडलेली, बाकी सगळी ठीक.
आणि @मोरीवाला तुम्ही काय ज्योतिषी आहात का. ट्रॉलीच्या मागे एक बटाटा सापडला, आता त्याला बटाटा म्हणणं धाडसाचं आहे. हातात घेतला तर फुटला. वास दोन दिवस गेला नाही पण किचनची वाटी आता रिकामी असते.

माती_आणि_मी:
52 चा आठवडा सगळ्यांचा येतो, आधीच्या कोषातल्या तेव्हा बाहेर पडतात. 4 वर आलात तरी पट्ट्या अजून तीन आठवडे ठेवा, आणि नवीन झाड आणलंत तर त्याला पहिले काही दिवस बाकीच्यांपासून लांब, पट्टी लावून.

कुंडीवाली:
नवीन झाड कालच आणलंय 🙈 बाथरूमच्या खिडकीत ठेवते.